कैकयीचं अर्धं सोंग

३ मार्च, सोमवार

सकाळभर लाइट नव्हती. आली तेव्हा दळणाची रांग रस्त्यापर्यंत. त्या गर्दीत मंदाताई आल्या, अंगणवाडीतून थेट. हातात डबा नाही. म्हटलं, काम दुसरंच आहे.

यंदा हनुमान जयंतीच्या आदल्या सांजेला मारुतीपुढची सोंगं बचत गटाच्या बायांनी करायची. इतकी वर्षं गडीच करायचे, बाईचं सोंगसुद्धा गडीच घ्यायचे. आता पोरं पुण्याला नाहीतर संभाजीनगरला कंपनीत. सोंगं बंदच पडली होती. पंच हो म्हणाले. अयोध्येचा भाग घेतलाय, मं.ताईंनी स्वतः लिहिलाय. सगळी सोंगं वाटून झाली, फक्त कैकयी राहिली. कुणी घेईना.

"काहून?" मी विचारलं.

"शेवटी राजा मरतो ना, काकू. तिचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. सोंग असलं तरी बाया भेतात."

मी म्हटलं, मग कौसल्येचं पण पुसतंच की. ती पण त्याचीच राणी.

"तिला पडद्याआड पाठवलीय मी. कैकयीला पाठवता येत न्हाई. लोकांना तिचंच बघायचंय."

मग त्या माझ्या कपाळाकडं न बघता गिरणीच्या पट्ट्याकडं बघत राहिल्या. समजलं. माझं पुसून आठ वर्षं झाली. मला भ्यायला काही शिल्लक नाही.

वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. सांगते म्हटलं.

५ मार्च, बुधवार

वाचनालयातून जाडं पुस्तक आणलं, अयोध्येचा भाग आहे ते. दळण पडत असताना पानं उलटते, पिठाची बोटं लागतात. वाचनालयवाले ओरडतील.

मला वाचता येतं याचं अजून बऱ्याच जणांना नवल वाटतं. शाळेत बसले ते दोन पावसाळे. अक्षरं शिकले गिरणीत, डब्यांवरच्या नावांवरून. आमचे हे खडूनं नाव लिहायचे आणि मी डबा देताना वाचायचे. चुकलं की एकाची बाजरी दुसऱ्याच्या घरी. भांडणं इतकी झाली की अक्षरं पाठ झाली.

कैकयीबद्दल. लढाईत ती राजाच्या रथावर होती. आपल्याकडं सांगतात तसं, आस निखळला तिथं तिनं हात घातला आणि रथ चालू ठेवला. राजानं दोन वर दिले. तिनं काय मागितलं? काहीच नाही. राहू द्या म्हणाली, पुढं बघू. मग पोरं झाली, मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. एवढ्या काळात हिच्या पदरात दोन वर पडून होते आणि हिनं साधा एक दागिना मागितला नाही. हे कुणी सांगत नाही. शेवटचा एक दिवस तेवढा सांगतात.

मागितलं ते वाईटच मागितलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

७ मार्च, शुक्रवार

हो म्हणून सांगितलं.

घरी आत्याबाईंना विचारलं. सासूबाईंचं वय झालं, एका डोळ्याला अंधारी, पण कान असे की भाकरी फुगलेली ओसरीवरून कळते. म्हणाल्या, "घे की. तुला काय, रडायचंच हाय. त्याला का शिकावं लागतं?"

त्यांना वाटलं कैकयी म्हणजे रडणं. मलाही तेच वाटलं होतं.

१२ मार्च, बुधवार

तालीम, अंगणवाडीत. मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर अयोध्येचा दरबार. सुनंदा दशरथ झाली आहे. शेजारच्या गल्लीतली, अंगानं दांडगी, आवाज बैल हाकलायचा. मंथरेचं काम तिच्या सासूनं मागून घेतलं. सुनंदा म्हणते, "आमच्या घरातली मंथरा शोधावी लागली न्हाई, बसल्या जागी सापडली." सासू ऐकत होती. म्हणाली, "दशरथ बी फुकटच सापडला, दोन वेळा खातो आन् लोळतो."

भरत मं.ताई स्वतः.

राजा मरायच्या वेळी सुनंदा हसायला लागते. "हे राम" म्हणायच्या जागी फिस्सकन हसते, पोट हलतं. मं.ताई चिडल्या, "अगं मर की नीट!" ती म्हणे, "ताई, मला सवय न्हाई. पयल्यांदाच मरून राह्यले."

मी सुद्धा हसले. पदर तोंडाला लावून.

१९ मार्च, बुधवार

आज कपडे वाटप. मं.ताई मोठ्यानं वाचत होत्या आणि ज्या त्या बाईनं घरून काय आणायचं ते ठरत होतं. राम, पिवळं. सीता, लाल. मग, "कैकयी. हिरवा शालू, हिरवा चुडा, मंगळसूत्र, ठसठशीत कुंकू, गजरा..." आणि तिथंच थांबल्या.

 मुलांच्या खाऊचं पातेलं घासत होती मदतनीस, तीही थांबली.

सगळ्यांनी शेवटच तेवढा धरला होता. मरण, पुसणं, फोडणं. मी सुद्धा. त्याआधी ती राणी असते, राजाची लाडकी, नटून बसलेली, हे एकीच्याही लक्षात आलं नव्हतं. एवढ्या जणी, आणि मं.ताईंनी तर स्वतः लिहिलेलं.

सुनंदाची सासू हळूच म्हणाली, "बया, हे तर इपरीतच झालं."

घरी आले. ज्वारीच्या मागोमाग गहू ओतला, मधे दगड झाडलाच नाही. पीठ मिसळलं. ज्यांचं होतं त्यांना घरचं दिलं.

२१ मार्च, शुक्रवार

तोड काढली आहे. मं.ताई आणि दोघी घरी आल्या होत्या, चहा घेतला. पहिला अर्धा भाग सुनंदाच्या धाकट्या जावेनं करायचा. मागच्याच वर्षी लग्न झालंय, हिरवा चुडा घरचाच. राजा मेला की ती आत जाणार आणि मी बाहेर येणार, पांढऱ्या लुगड्यात. एका सोंगाला दोन बाया.

"लोकांना कळंल का?" मी विचारलं.

"कळंल की. नवरा मेल्यावर बाई बदलतीच," सुनंदा बोलून गेली आणि जीभ चावली.

खरंच बोलली. मी बरं म्हटलं. त्या खूश होऊन गेल्या.

३० मार्च, पाडवा

गुढी आत्याबाईंनीच पूजली. कडुलिंब, गूळ, हरभऱ्याची डाळ. गिरणी बंद. यांचा फोटो पुसला.

हे बोलायचे कमी. गिरणीच्या आवाजात काय बोलणार. खुणा करायचे. दोन बोटं म्हणजे जाड, तीन म्हणजे बारीक, चहा पाहिजे असेल तर अंगठा. आमचा निम्मा संसार खुणांवर झाला. गेले तेही गिरणीतच, पट्टा चालू असताना. हात वर केला होता. मला वाटलं चहा मागतायत. मी चुलीकडं गेले.

पुढचं लिहीत नाही. सणाचा दिवस आहे.

मी अजून दुपारी दोन कप टाकते. एक आत्याबाई पितात. त्यांना वाटतं त्यांच्यासाठीच टाकला.

२ एप्रिल, बुधवार

दोन बायांची कैकयी जमत नाही.

पोरगी चांगली करते, गोड दिसते. वर मागते तेव्हा पाठ केलेलं धडाधड म्हणते. मग मी येते. भरत मला विचारतो, "आई, तू हे काहून मागितलंस?" आणि माझ्याजवळ उत्तर नाही. उत्तर लिहिलेलं आहे, पाठ आहे. पण मागितलं मी नाहीच. मी तर आत बसले होते, पांढरं लुगडं नेसून. दुसरीनं केलेल्या कामाची मी बोलणी खाऊन राह्यले असं वाटतं. रडूही येत नाही.

तालीम झाल्यावर मं.ताईंना म्हटलं, "मागणारी मीच पाहिजे."

"म्हंजे चुडा भरणार?"

"त्याशिवाय राणी कशी होईल?"

त्यांनी बराच वेळ खडूचा डबा उघडला, झाकला. म्हणाल्या, "काकू, मला बिलकुल चालतं. पंचांचं मी बघते. पण घरातून तुमच्या... आधी त्यांना विचारा."

नवी नवरी तिथंच होती. ती म्हणाली, "लई बरं होईल काकू. मला ते मागायचंच भ्या वाटतं."

३ एप्रिल, गुरुवार

विचारलं. भाकरी थापताना, म्हणजे तोंडाकडं बघावं लागत नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "ते कुंकू माझ्या लेकाच्या नावाचं व्हतं. आता कोणाच्या नावानं लावतीस?"

"सोंगात दशरथाच्या."

"दशरथ कोण?"

"सुनंदा."

"सुनंदी!" त्या उठूनच बसल्या. "तिला धड शेण उचलता येत न्हाई, तिच्या नावाचं कुंकू लावतीस तू?"

मला हसू आलं, त्यांना नाही. थोड्या वेळानं आवाज उतरला. "लावशील, भरशील. मंग शेवटी फोडतील की न्हाई? गोदे, माझ्या हातानं फोडल्या व्हत्या म्या तुझ्या. उंबऱ्यावर. पुन्ना तेच करून घ्यायचंय का तुला? गावापुढं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लावण्याचं धरून बसले होते, फोडण्याचं विसरले.

भाकरी करपली. ती मी खाल्ली.

६ एप्रिल, रामनवमी

देवळात पाळणा. मी मागं उभी राहिले, खांबाजवळ, नेहमीच्या जागी. सुंठवडा हातावर देताना पुजाऱ्याची बायको म्हणाली, "ऐकलं ते खरं का?" मी म्हटलं, "काय ऐकलं?" ती पुढं सरकली.

दोघी-तिघींचे डबे गिरणीवर आलेले नाहीत. दुसऱ्या गिरणीवर गेले असतील. जाऊ देत. एकीचा नवरा मात्र स्वतः डबा घेऊन आला, म्हणे, "आमचं बाईमाणूस रुसलंय तुमच्यावर. पण तिकडचं पीठ जाड येतं." बारीक करून दिलं.

आत्याबाईंनी हो म्हटलेलं नाही. नाही पण म्हटलेलं नाही. आमच्यात तीन दिवस मीठ-मिरचीपुरतं बोलणं. मी पुस्तकात पुढं वाचलं. भरत आईशी बोलणं टाकतो. नवरा गेला, लेक बोलेना, गाव थुंकलं. मग चौदा वर्षं ही बाई त्या वाड्यात काय करत होती? सकाळी उठत असेल, नहात असेल, कुणाला तरी विचारत असेल जेवलात का. त्याबद्दल एक ओळ नाही. मी दोनदा शोधली.

तिचं मागणं चूक. पण तिच्यापुढं पण इतके दिवस होतेच की.

८ एप्रिल, मंगळवार

मं.ताईंबरोबर बसनं जालन्याला. मुकुट, धनुष्य, पडदे भाड्यानं मिळतात. जुन्या जालन्यात गल्लीत शिरलं की समोरची गाडी जाईपर्यंत भिंतीला चिकटून उभं राहायचं. मं.ताई घासाघीस करत बसल्या, मी समोर मुमताजभाभींच्या बांगड्यांच्या दुकानात. मणियार आहेत. माझ्या लग्नाचा चुडा त्यांच्या सासूनं भरला होता.

"सोंगासाठी पायजे," मी म्हटलं. "माप बघा, मी घरी भरीन."

"घर पे कौन भरेंगा? टूट जाते. हात लाओ."

हात दिला नाही लगेच. त्यांनी माझं कपाळ बघितलं, गळा बघितला.  हात त्यांनीच ओढून मांडीवर घेतला.

"ढिल्ला छोडो बाई. इत्ता कड़क करे तो कैसा जाता?"

आठ वर्षांत माझा हात असा कुणी धरला नव्हता. दळण देता-घेता बोटं लागतात, तेवढंच. त्या अंगठा दाबून, हाडं गोळा करून एकेक सरकवत होत्या आणि बोलत होत्या. "मेरा आदमी बी गया, मैं बी बेवाच हूं. इद्दत के चार महीने दस दिन हुए, फिर मेरी बेटी ने पहना दी. लोगां बोले. लोगां का क्या, चार दिन बोलते, फिर अपना खर्चा अपना चूल्हा देखते."

दोन्ही हात भरले. हिरवे. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. हात जड लागला, बस.

काढा म्हटलं तर म्हणाल्या, "भरेली चूड़ी मैं नहीं उतारती. घर जा के साबन लगाओ."

बसमधे पदराखाली हात घेऊन बसले. मं.ताई खिडकीतून बाहेर बघत होत्या, मुद्दाम.

घरी पोचले तर आत्याबाई बाजेवर. मी आत आले, घागर उचलली. बांगड्या वाजल्या.

"कोण आलंय गं?" त्यांनी विचारलं.

"मीच."

 चहा केला, दिला, तेव्हा पुन्हा आवाज. त्यांनी कप घेतला. सगळा प्याल्या.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी न्हाणीत साबण लावून काढल्या. एक वाढली, मनगटावर ओरखडा. बाकीच्या जुन्या साडीत गुंडाळून ठेवल्या, सोंगाच्या दिवसासाठी.

झाडत होते. बाजेवरून आवाज, "आज वाजत न्हाई काही."

मी म्हटलं, "काढल्या."

"बरं."

मग मी केर भरून बाहेर टाकून आल्यावर: "मला वाटलं, लेकाच्या टायमाचं घर हाय."

झाडू हातात तसाच.  त्या भिंतीकडं तोंड करून निजल्या, का नुसत्या पडल्या, माहीत नाही. मी त्यांच्या पायावर चादर टाकली. त्यांनी ढकलली नाही.

१० एप्रिल, गुरुवार

शेवटची तालीम. आज सगळी कैकयी मीच. मागितलं मीच, बोलणी मीच खाल्ली. भरतानं विचारलं "काहून मागितलंस?" तर उत्तर लिहिल्याप्रमाणे आलंच नाही.  मग म्हटलं, "माझं कोणी विचारलंच न्हाई रे आजवर. आज विचारलं तर हेच तोंडात आलं." असं लिहिलेलं नव्हतं. मं.ताई भरतच होत्या, तरी पेन्सिल काढून लिहून घेतलं.

सुनंदा आज हसली नाही. नीट मेली. मेल्यावर एक डोळा उघडून बघत होती.

फोडण्याबद्दल मं.ताईंना म्हटलं, मला तिथं थोडा विचार करू द्या. त्या म्हणाल्या, "काकू, लोकं तेच बघायला येतील." मी म्हटलं, "येऊ द्या." त्या म्हणाल्या, "म्हंजे फोडणार का न्हाई?" मी म्हटलं, "तिनं फोडल्या असतील का?" त्यांनी पुस्तकात आहे का विचारलं. मी वाचलेल्यात नाही म्हटलं.

पंचांपैकी एकानं निरोप पाठवलाय. बायांची हौस होऊ द्या, पण देवापुढं अवदसा नको. मं.ताईंनी उलटा निरोप पाठवला की अयोध्येची राणी अवदसा कशी, येऊन दाखवून द्या.

११ एप्रिल, शुक्रवार. अंगणवाडीत, तयार होऊन

अजून ऊन आहे. बाहेर मंडपात गडी सतरंज्या टाकून राह्यले, पोरांचा गलका. मी कोपऱ्यातल्या छोट्या खुर्चीवर. शालू मोठा आहे, खुर्ची दिसत नाही.

नव्या नवरीनं चुडा भरला. तिच्या हाताला सवय नाही, पण एकही वाढली नाही. गजरा झाला. मग कुंकवाची डबी. ती हातोहात फिरली. हिनं तिला दिली, तिनं पुढं. कुणी वाईट मनाची नव्हती. पण पहिलं बोट कुणाचं, हा प्रश्न होता. मी म्हणणार होते, मीच लावते.

सुनंदा मिशी चिकटवून बसली होती, मुकुट वाकडा. उठली. "आणा इकडं. माझ्या नावाचं हाय, म्या लावीन. आन् भेऊ नका गं, मरायचं मलाच हाय."

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. अंगठ्यानं लावलं, मोठं, थोडं तिरपं.  मग मला म्हणाली, "काकू, दिसता." एवढंच. काय दिसता ते नाही सांगितलं.

आत्याबाई येते म्हणाल्या नाहीत. सकाळपासून मीही विचारलं नाही. निघताना बघितलं, स्वच्छ लुगडं नेसून बसल्या होत्या, काठी दाराशी. कुठं निघाल्या म्हटलं तर म्हणाल्या, "उकाडा लई हाय, दाराशी वारं लागतं."

शेवटचा प्रसंग आला की काय करायचं, मला अजून ठाऊक नाही. हात आपटीन, काढून ठेवीन, की तशीच उभी राहीन. तिथं गेल्यावर बघू. मं.ताईंनी विचारणं सोडलं आहे.

हलगी सुरू झाली. मं.ताई दारात आल्या, भरताचा फेटा बांधून. म्हणाल्या, "काकू, पयला प्रवेश तुमचा. आठवतं ना, राणी हसत येती. मोठ्यानं. पार मारुतीपर्यंत ऐकू गेलं पायजे."

ते तालमीत आम्ही दर वेळी सोडून देत होतो, वेळ नाही म्हणून. बाकी सगळं पाठ आहे. हे तेवढं पहिल्यांदाच करायचं आहे.